शिसं कोणी लावलं?

लग्नसराई जवळ आली की वस्तीतील भगिनींचे काही प्रश्न आमच्याकडे ठरल्याप्रमाणे येतात. परवा एका वहिनींनी विचारले, "भाऊ, रोल्ड गोल्डची पोत कडीजवळ तुटलीय. सोनार हात लावायला तयार नाही, म्हणतो नवी घ्या. आमचा धाकटा मोबाईल दुरुस्ती शिकतोय. त्याच्याकडे सोल्डरिंगचं सामान आहे. घरीच जोडली तर चालेल का?"

या बाबतीत बोलण्याचा आम्हांला अधिकार आहे, कारण हा उद्योग आम्ही स्वतः करून बसलो आहोत. कचेरीतील एका सहकाऱ्याकडून सोल्डरिंग आयर्न मागून आणले आणि रविवारी दुपारी सौ.च्या पोतीची निखळलेली कडी जोडली. जोड बसला खरा, परंतु पिवळ्याधमक साखळीत मुगाएवढा करडा गोळा! सौ. एवढेच म्हणाल्या, "अहो, तुम्ही आपली हिशेबाची वहीच बघा." दोन दिवसांत तो जोडही सुटला. मग ती पोत आम्ही एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिले आणि विचारले, "शिसं कोणी लावलं?"

आम्ही गप्प. पण त्या गृहस्थांनी रागावण्याऐवजी बसवून समजावून सांगितले, म्हणून आज हे लिहिता येत आहे.

रेडिओ-मोबाईलच्या कामात जुन्या पद्धतीचे जे सोल्डर वापरतात ते कथील आणि शिसे यांचे मिश्रण असते. ते १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते. तारेतून वीज न्यायला ते ठीक. रोज ओढ बसणाऱ्या साखळीचा ताण त्याला पेलत नाही. दागिन्याची खरी झाळ असते चांदी, तांबे व जस्त यांची, किंवा हलक्या कसाच्या सोन्याची. तिला ७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. एकदा शिसे लागलेला तुकडा तेवढ्या आगीत धरला की शिसे मूळ धातूत शिरते व तेथे खड्डे पडतात. म्हणजे आमच्या रविवारच्या पराक्रमाने खऱ्या दुरुस्तीची वाटही बंद केली. हल्ली शिसे नसलेले सोल्डर मिळते. प्रकृतीला ते बरे, पण करडेपणा आणि कच्चेपणा तोच.

सोनार हात का लावत नाही, हेही समजून घ्या. रोल्ड गोल्ड किंवा गोल्ड फिल्ड म्हणजे आत पितळ आणि वर उष्णता व दाब देऊन बसवलेला सोन्याचा पत्रा. अमेरिकेत गोल्ड फिल्ड म्हणवण्यासाठी हा पत्रा एकूण वजनाच्या किमान विसाव्या हिश्श्याइतका असावा लागतो. आता बी.कॉम.चे गणित करू. १० ग्रॅमच्या साखळीत पत्रा अर्धा ग्रॅम. तो १४ कॅरेटचा असेल तर शुद्ध सोने ०.२९ ग्रॅम, बस्स. आपल्या बाजारातील 'एक ग्रॅम'चे दागिने बहुधा नुसत्या मुलाम्याचे असतात. नावात ग्रॅम आहे म्हणून अंगावर ग्रॅमभर सोने असते असे नाही. तेथे थर मायक्रॉनमध्ये मोजतात, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एवढ्याशा थरावर कानस फिरवली की खालचे पितळ उघडे पडते. आग जास्त वेळ लागली की सोने पितळात जिरते आणि वर काळपट डाग उरतो. जाणकार कारागीर मागच्या बाजूने काम करतो. सांध्याला टाकणखार लावतो, झाळीचा तिळाएवढा तुकडा ठेवतो, बारीक ज्योत क्षणभर दाखवतो आणि झाळ पळाली की ज्योत काढतो. घरच्या गॅसच्या शेगडीला ती बारीक ज्योत कोठून येणार? काचेचे मणी, मोती किंवा चिकटवलेले खडे असतील तर आगीचे नावच नको.

बरे, बहुतेक वेळा तार तुटलेली नसतेच. कडीचे तोंड उघडलेले असते. वहिनींच्या पोतीचे तेच झाले होते. दोन बारीक पकडी घ्याव्यात. कडीची दोन टोके एकमेकांपासून ओढून फाकवू नयेत, त्याने गोलाई बिघडते. दार उघडतो तसे एक टोक आपल्याकडे व दुसरे पलीकडे वळवावे, साखळी अडकवावी आणि त्याच वाटेने मिटवावे. पकडीच्या तोंडाला कापड गुंडाळले म्हणजे थर ओरखडत नाही. कडी झिजली असेल तर मणी-हुकांच्या दुकानात नवी मिळते. दहा मिनिटांचे काम, आणि झाळ लागत नाही.

रोल्ड गोल्ड घालणाऱ्यांना कोणी हसू नये, असे आमचे मत आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितले होते की कथील-चांदीचे ते जुने दागिने ओळखण्याची खूण झाले आहेत, ते टाकून द्या. घालायचे तर सोन्याचे घाला, नाहीतर घालू नका. आणि आम्ही शहाण्यांनी त्या पोतीला पुन्हा कथीलच लावले!

आता गंभीर गोष्ट. दागिना दुरुस्त करणे वेगळे आणि दागिन्यावर घर चालवणे वेगळे. मुंबईत मालाडच्या बाजूला इमिटेशन दागिन्यांचा मोठा धंदा आहे. त्यातले बरेच काम आपल्या भगिनी घरात बसून, नगावर मजुरी घेऊन करतात. खडे चिकटवणे, कड्या ओवणे एकवेळ ठीक. पण काही घरांत झाळकामही येते, आणि त्याच खोलीत स्वयंपाक, अभ्यास व लहान मुलाची झोप असते.

काही झाळीत कॅडमियम असते. सोनारकामातला 'केडीएम' हा शब्द त्यावरूनच आला. त्याने झाळ लवकर व स्वच्छ पळते, म्हणून मालक ती देतो. परंतु कॅडमियम ७६७ अंशांना उकळते, म्हणजे ज्योत जरा जास्त झाली की त्याचा धूर निघतो. धुराने लगेच काही होत नाही, हीच फसवणूक आहे. काही तासांनी ताप, खोकला, छातीत दुखणे सुरू होते आणि माणूस साधी सर्दी समजून काढा पितो. जास्त धूर गेला तर फुप्फुसावर बेतते. थोडा-थोडा वर्षानुवर्षे गेला तर मूत्रपिंडे बिघडतात, कर्करोगाचाही धोका असतो. तोंडाला ओढणी बांधल्याने हा धूर अडत नाही.

शिशाची तऱ्हा निराळी. सोल्डर करताना ते धुरातून फारसे जात नाही, हाताला आणि फरशीला लागते. तेथून भाकरीत, आणि रांगणाऱ्या बाळाच्या तोंडात. मुलांच्या मेंदूला शिशाची अमुक मात्रा चालते, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

तेव्हा काम देणाऱ्याला विचारा, "दादा, या झाळीत कॅडमियम आहे का, शिसे आहे का?" उत्तर टाळले तर झाळकाम नाकारून ओवणीचे मागा. मजुरी कमी पडेल, हे आम्हांला कळते. म्हणूनच एकटीने न विचारता चाळीतल्या चौघीजणींनी मिळून विचारावे. स्वयंपाकाचा सिलिंडर धंद्याला वापरणे नियमात बसत नाही. आग लागली तर नुकसानभरपाई मागताना हाच मुद्दा आडवा येतो. कामानंतर फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हात साबणाने धुतल्याशिवाय पीठ मळू नये. ताप-खोकला आला तर डॉक्टरांना "मी झाळकाम करते" एवढे वाक्य आधी सांगावे. विचारल्याशिवाय त्यांना ते कळणार नाही.

त्या वहिनींची पोत आम्ही पकडीने जोडून दिली. सौ.ची मात्र अजून डब्यातच आहे, करड्या डागासकट. लग्नाला जाताना त्या ती मुद्दाम आमच्यासमोर काढून पाहतात आणि परत ठेवतात.