सत्काराचा हिशेब मागा

शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि काचेचं सन्मानचिन्ह. वर चौकात भलामोठा फ्लेक्स. दापोडीपासून निगडीपर्यंत, भोसरीपासून चाकणपर्यंत हा धंदा जोरात आहे. कुणाचा पोरगा इंजिनिअर झाला, कुणाची पोरगी डॉक्टर झाली, कुणी परदेशी गेलं की लाव फ्लेक्स. कॉलेजंही मागे नाहीत. माजी विद्यार्थी हुडकायचे, त्यांच्या नावापुढे 'व्यावसायिक यश आणि समाजसेवा' हे छापील वाक्य चिकटवायचं आणि टाळ्या पिटायच्या. २०१४ पासून ज्या पुणे विद्यापीठाला सावित्रीमाईचं नाव आहे, तेही १० फेब्रुवारीच्या वर्धापनदिनी जीवनसाधना गौरव पुरस्कार देतं. द्यावा. सत्काराला माझा विरोध नाही. माझा सवाल हिशेबाचा आहे.

सत्कार कशाचा? डिग्रीचा, पगाराचा, की त्या डिग्रीनं कुणाच्या पाठीवरचं ओझं उतरलं त्याचा?

मी मॅट्रिक. चाकणला गोदामाच्या डॉकवर कंटेनर खाली करतो आणि रात्री कविता लिहितो. तेव्हा काही शहाणे म्हणणारच, याला डिग्री नाही म्हणून पोटात दुखतंय. दुखतं खरं, पण कमरेत. पोटातलं दुखणं वेगळं आहे, तेच सांगतो.

दोस्तहो, एका सत्काराची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण तिचा अर्थ आपण विसरलो. १९०७ साल. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक महाराचा पोर मॅट्रिक झाला. मार्क ७५० पैकी २८२. आज एवढ्या मार्कांवर कुणी चहासुद्धा पाजणार नाही. पण सभा भरली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या पोराच्या हातात ठेवलं. दोघंही आपल्या जातीचे नव्हते. सत्कार संपला, माणसं घरी गेली. पण केळुसकर आणि बोले घरी जाऊन झोपले नाहीत.

पोरगा इंटर झाला आणि सुभेदार रामजींच्या खिशातला पैसा संपला. तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बोल्यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात ठराव पास करून घेतला : सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. तोच ठराव पाठीशी घेऊन २० मार्च १९२७ ला आपली माणसं महाडच्या चवदार तळ्यावर गेली. आणि ते पुस्तक? ते पुस्तक आपल्या देहूरोडपर्यंत आलं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्तीची स्थापना केली. नाशिक फाट्यावरून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे ती जागा. एका मॅट्रिकच्या सत्काराची वाट किती लांब गेली बघा.

याला मी सत्कार म्हणतो. सत्कार करणाऱ्यानं त्या दिवशी एक जबाबदारी अंगावर घेतली आणि ज्याचा सत्कार झाला त्यानं तर जन्मच दिला. ५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठानं आपल्या या माजी विद्यार्थ्याला एलएल.डी. दिली, १२ जानेवारी १९५३ ला उस्मानिया विद्यापीठानं डी.लिट. दिली. पण त्याआधीच त्यांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद. जगातल्या मोठमोठ्या डिग्र्या खिशात असलेला माणूस पहिलं काम काय करतो? ज्या दारातून आपण आत आलो ते दार मागच्यासाठी रुंद करतो.

आणि हाच माणूस १८ मार्च १९५६ ला आग्र्याला भर सभेत शिकलेल्यांच्या नावानं कळवळला. शिकलेली माणसं समाजाला हात देतील वाटलं होतं, पण ती आपलं पोट भरण्यात गुंग झाली, हे त्यांचं दुःख होतं. सत्तर वर्षं होत आली. आपण त्या दुःखावर शाल पांघरली.

आता या छापील वाक्याकडे या. 'व्यावसायिक यश आणि समाजसेवा'. म्हणजे दोन रकाने. एकात पद, पगार, परदेश. दुसऱ्यात रविवारी वस्तीत वाटलेल्या वह्या, लावलेली झाडं आणि त्यांचे फोटो. कंपन्यांचंही तसंच. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले. त्यातून शाळेला रंग लागतो, बाकडी येतात. चांगलं आहे. पण उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं काय? ते ज्याच्या घामातून येतात त्याच्याशी तुमचं वागणं कसं?

माझं म्हणणं साधं आहे. समाजसेवा रविवारी होत नाही. ती सोमवारी होते, तुमच्या सहीत. तू महापालिकेत इंजिनिअर आहेस ना? मग तुझ्या सहीच्या कामावर कुणी चेंबरमध्ये उतरतो का, ते सांग. माणसाला गटारात उतरवायचं नाही हा कायदा २०१३ चा आहे, त्याला तुझ्या फ्लेक्सची गरज नाही, तुझ्या नकाराची आहे. तू कंपनीत एचआरला आहेस? मग तुमच्या गोदामात माल चढवणारी पोरं १९६९ च्या माथाडी कायद्याखाली बोर्डात नोंदली आहेत का? की ठेकेदाराच्या वहीत नुसती पहिली नावं आहेत, आडनाव नाही, फंड नाही, हात मोडला तर विचारणारा नाही? माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्या आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण चोर आहेत म्हणून मजुराचा हक्क बुडवायचा, हा कुठला न्याय? तू वकील आहेस, तर अॅट्रॉसिटीची एक तरी केस शेवटपर्यंत लढलास का? हे दोन रकाने एक करा. मग बघू स्टेजवर किती खुर्च्या भरतात.

अशी माणसं असतात. डॉ. बाबा आढावांचं घ्या. आयुर्वेदाची पदवी घेतलेला, पुण्यात दवाखाना चालवणारा माणूस. त्यानं हमालांची पाठ बघितली, ओझ्यानं मोडलेली. नुसतं मलम लावलं नाही, १९५५ ला हमाल पंचायत उभी केली. पुढे 'एक गाव एक पाणवठा' घेऊन गावोगाव फिरला. डिग्री आणि सेवा अशी दोन खाती त्याच्याकडे नव्हती. दवाखान्यात जे दिसलं तेच काम झालं.

आमचाच एक दोस्त यावर भडकला. म्हणाला, "अरे, पहिल्या पिढीचा पोरगा तो. शिक्षणाचं कर्ज फेडतोय, बहिणीचं लग्न व्हायचंय, कंपनीत आडनाव चोरून बसलाय. ब्राह्मणाच्या पोराला कुणी विचारतं का, समाजासाठी काय केलंस? सगळा भार आपल्याच पोरांवर का टाकतोस?" खरं आहे. हा सवाल मलाही टोचतो. म्हणूनच सत्कार बंद करा असं मी म्हणत नाही. ओटा स्कीममधल्या पोरीला स्टेजवर आपल्यासारखं आडनाव दिसलं पाहिजे, माईकवरून मोठ्यानं ऐकू आलं पाहिजे. त्यानं तिची मान वर होते. पण मी त्या पोराकडे पैसे मागत नाही, त्याग मागत नाही. गोणी पाठीवर घ्यायची तर मागून कुणीतरी हात द्यावा लागतो, हे आम्हा हमालांना कुणी शिकवावं लागत नाही. तेवढा हात मागतो. आणि ब्राह्मणाच्या पोराला का विचारत नाहीत? कारण त्याचा काका, मामा, मास्तर आधीपासून आत बसलेत. विचारण्याआधीच हात मिळतो त्याला.

एका मंडळानं मला सांगितलं, तू कवी आहेस, पदवीधरांच्या सत्काराचं मानपत्र लिहून दे. मी विचारलं, यांनी काय केलं? उत्तर आलं, पॅकेज किती ते लिही. मी म्हटलं, पॅकेजची कविता होत नाही. पण मानपत्र लिहायला मी तयार आहे, अट एवढीच :

यापुढे सत्कारमूर्तीनं दोन पोरांना हाताशी धरावं. त्यांचा जातीचा दाखला, जात पडताळणी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजनेचे कागद, यातलं सगळं शेवटच्या शिक्क्यापर्यंत न्यावं. अर्ज अडकतो तिथंच आपलं पोरगं गळतं आणि डॉकवर येतं. सत्कार एसी हॉलमध्ये नको, वस्तीत घ्या, पाळी सुटल्यावर, म्हणजे आमच्यासारख्यांनाही येता येईल. सत्कार कुणाचा, हे ठरवणाऱ्यांत एक झाडूवाली आणि एक हमाल बसवा. शालीऐवजी पुस्तक द्या. आणि वर्षानं त्याच स्टेजवर त्याच माणसाला बोलवा आणि विचारा, ती दोन पोरं कुठं आहेत?

उत्तर आलं तर मी स्वतः त्याच्या गळ्यात हार घालीन. नाही आलं तर शाल परत घ्या. थंडीत आमच्या डॉकवर ती कामाला येईल.

जयभीम.