दिवे मोजा, प्लेटा नाही

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. रानात एखादं झाड तारेवर पडलं की वीजही जाते. अशा मुलखाला सूर्याची वीज नको, असं म्हणायला मी काही खुळा नाही. जंगलातून खांब ओढत आणण्यापेक्षा छपरावरची सोलर प्लेट बरी, हे दहावी शिकलेल्या मलाही कळतं. माझं भांडण सूर्याशी नाही, मोजणाऱ्यांशी आहे.

आमच्या टोल्यावर सौर दिव्याचा खांब लागला. माणसं आली, फोटो काढले, कागदावर माझी सही घेतली. तीन पावसाळे उजेड पडला, मग बॅटरी बसली. प्लेट वीस-पंचवीस वर्षं टिकते, साधी बॅटरी चार-पाच वर्षांत मरते. हे बसवणाऱ्याला ठाऊक नव्हतं काय? मी तीन अर्ज दिले. आता त्या खांबाला गोऱ्हा बांधतो. नातू विचारतो, "आबा, हा दिवा काहून लागत नाही?" त्याला काय सांगू? कागदावर तो लागलेलाच असेल.

2021 साली ग्लासगोच्या परिषदेत आपल्या देशानं सांगितलं, 2030 पर्यंत कोळसा-तेलाविना होणाऱ्या विजेची क्षमता 500 गिगावॅट करू. चांगलं आहे. पण क्षमता म्हणजे बसवलेलं यंत्र. बांधीत रोवणा झाला म्हणून कोठी भरली, असं कोणता शेतकरी म्हणतो?

त्यात 2019 पासून मोठ्या धरणांची वीजही अक्षय ऊर्जेत धरतात. इथं कान टवकारतात. इंद्रावतीवरचं भोपालपटनम आणि गोदावरीवरचं इचमपल्ली, या धरणांविरुद्ध 1980 च्या दशकात इथले आदिवासी आणि बाबा आमटे उभे राहिले. ती झाली असती तर जंगल आणि गावं आमची बुडाली असती, वीज मात्र दूर गेली असती. नाव अक्षय, आणि क्षय आमचा!

कोणी म्हणेल, म्हातारा विकासाच्या आड येतो. आड नाही, मी हिशेब मागतो. दर टोल्यातली दोन पोरं दुरुस्ती शिकवून तयार करा. पावसाळ्याआधी बॅटऱ्या भामरागडात आणून ठेवा, कारण पुरात बाहेरचा मिस्त्री येत नाही. आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पाच वर्षं दिवा जळाल्यावरच द्या. खर्च वाढेल म्हणता? मग विझलेला खांब फुकटात आला होता काय?