हुशार पोट्टा वर येतेच... खरंच?

परवा रात्री मेसमध्ये विषय निघाला. कॅम्पसच्या पहिल्या कंपनीची यादी लागली होती, त्यामुळे जो तो हुशारीवर बोलत होता. आमच्या विंगमधला एक महाभाग पोळीचा तुकडा हवेत नाचवत म्हणाला, "हुशार पोट्टा असन ना, तर तो कुठूनबी वर येतेच बे! जंगलातून काय अन् शहरातून काय!" सगळ्यांनी माना हलवल्या. वरण-भात कालवता कालवता मीही हलवली.

रूमवर आल्यावर मात्र झोप लागेना. कारण जो वर आला नाही असा एक हुशार पोट्टा मला माहीत आहे. तो माझा बेंचमित्र होता.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मी चौथी-पाचवीत असताना त्यांची नेमणूक एटापल्ली तालुक्यातल्या एका गावी होती. वर्गात आम्ही दोघं एका पट्टीवर बसायचो. त्याच्या घरी माडिया बोलत, माझ्या घरी मराठी. वर्गात तो जवळपास मुकाच असायचा. गुरुजींनी, म्हणजे माझ्याच बाबांनी, प्रश्न विचारला की खाली बघायचा.

पण मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला की हाच पोरगा वेगळा दिसायचा. तुमच्यापैकी जे इकडचे आहेत त्यांना माहीत आहे, सत्तर पानांचा एक पुडा आणि दर शेकड्यावर. एकदा त्याच्या घरचे १३७ पुडे झाले. दर ३५० रुपये शेकडा. फळीवरचा मुन्शी कॅल्क्युलेटर शोधत होता तेवढ्यात हा बोलून मोकळा झाला, "चारशे एकोणऐंशी, आठ आणे." मी विचारलं, कसं केलंस? मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं सांगितलं ते असं : शंभराचे साडेतीनशे, पस्तीसाचे एकशे साडेबावीस, वरच्या दोनाचे सात. करा बेरीज. आपल्याला हे कुणीतरी शिकवावं लागलं, त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.

त्याच वर्षी, म्हणजे पाचवीत, माझा नवोदयचा फॉर्म भरला गेला. बाबांनी गाईड आणलं, रोज संध्याकाळी कंदिलाशी बसून आकृत्या सोडवून घेतल्या. २०१५ मध्ये परीक्षा दिली आणि मी घोटच्या जवाहर नवोदय विद्यालयात दाखल झालो. पुढचं सगळं, अगदी आज या मासिकात लिहितोय तेसुद्धा, त्या एका फॉर्मचं देणं आहे. माझ्या बेंचमित्राचा फॉर्म भरला गेला नाही. पाचवीतच एकदा बसता येतं, दुसरी संधी नसते. तो आश्रमशाळेतून दहावी झाला, अकरावीत सुटला, आणि सध्या तेलंगणात बोअरवेलच्या गाडीवर आहे. किती फूट गेलं, किती पाइप लागले, बिल किती झालं, हे मालक त्यालाच विचारतो म्हणे.

त्या रात्री न राहवून मी बाबांना फोन केला. "बाबा, त्याचा फॉर्म तुम्ही का नाही भरला?"

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पावसाचे दिवस होते, नाल्याला पूर. त्याच्या बापाची सही आणायला कोण जाणार? अन् खरं सांगू का, तो वर्गात तोंडच उघडत नव्हता. मला वाटलं, त्याला जमणार नाही."

"पण फळीवर तुम्ही त्याला पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं की. पण तो हिशोब होता रे. गणित थोडंच होतं?"

मित्रांनो, माझे बाबा वाईट शिक्षक नाहीत. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातून शाळेत जाणारा माणूस आहे तो. पण एका प्रामाणिक शिक्षकाला समोर बसलेली हुशारी दिसली नाही, कारण ती मराठीत बोलत नव्हती आणि पुस्तकातल्यासारखी दिसत नव्हती. मला वाटतं, सगळा प्रश्न इथेच आहे. हुशार मुलांना शोधायला आपली शाळा कुठे जातच नाही. हुशारीनं फॉर्म भरून, फोटो चिकटवून, सही-शिक्क्यासह आपल्याकडे यावं याची ती वाट पाहते.

आता जरा व्यवस्था बघू. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती परीक्षा १९५४-५५ पासून आहे. चौथी-सातवीची ही परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली, २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं. म्हणजे कोणत्या वर्गाला घ्यायची यावर आपण भरपूर डोकं लावलं. कोण बसत नाही आणि का बसत नाही, यावर किती लावलं?

नवोदयची कल्पना तर फारच चांगली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ती आली. पहिली दोन विद्यालयं निघाली त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. जिल्ह्याला एक शाळा, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. परीक्षा मराठीतूनही देता येते. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले ४० निव्वळ आकृत्यांचे. म्हणजे निम्म्या गुणांना भाषा लागत नाही! ज्यांनी हे ठरवलं त्यांना माझ्या बेंचमित्रासारखी मुलं नक्की डोळ्यांसमोर असणार. पण आकृत्यांनाही सराव लागतो. गाईड बघितलेलं पोर आणि पहिल्यांदाच तसली आकृती बघणारं पोर यांच्यात जो फरक पडतो, त्याला आपण 'बुद्धिमत्ता' म्हणतो! शिवाय सहावीत जागा फार तर ८०. चंद्रपूरचं नवोदय तळोधी (बाळापूर)ला, गडचिरोलीचं घोटला. गडचिरोलीत तालुके बारा. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटर.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. आठवीत एनएमएमएस नावाची केंद्राची परीक्षा असते. २००८ पासून आहे. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण सरकारी खर्चानं राहणं-जेवण मिळणाऱ्या निवासी शाळांतल्या मुलांना या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे शासकीय आश्रमशाळेतलं पोर आपोआप बाद! युक्तिवाद असा, की त्यांचा खर्च सरकार करतंच आहे. पैशापुरतं ते ठीक. पण परीक्षा म्हणजे नुसते पैसे नसतात. 'या पोरात काहीतरी आहे' अशी कुठेतरी होणारी नोंद असते ती. आमच्या जिल्ह्यांत ज्या मुलांची अशी नोंद व्हायची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच या यादीबाहेर.

मेसमधला आमचा मित्र यावर म्हणेल, "परीक्षेत नाही सापडला तरी खरा हुशार वर येतेच." त्याच्यासाठी एक उदाहरण, तेही आपल्याच ब्रँचचं. अमेरिकेत १९२१ मध्ये लुईस टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियातली अतिहुशार मुलं शोधायला घेतली. आधी शिक्षकांनी नावं सुचवायची, मग बुद्धिमापन चाचणी. त्यात दोन मुलं कमी गुणांमुळे वगळली गेली. एक विल्यम शॉकली, ट्रान्झिस्टरवाला, १९५६ चं नोबेल. दुसरा लुईस अल्वारेझ, १९६८ चं नोबेल. दोन्ही भौतिकशास्त्रातली!

"बघ, आले ना वर!" आले. पण शॉकली राहायचा पालो अल्टोला, आणि त्याची आई स्टॅनफर्डची पदवीधर होती. चाचणीनं दार लावलं तरी घरातलं दुसरं दार उघडं होतं. एटापल्लीच्या पोराला दुसरं दार कोणतं? चाचणी चुकते हे मान्य करायला हरकत नाही. पण ती चूक प्रत्येकाला सारखी महाग पडत नाही.

मग करायचं काय? याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागानं 'मिशन शौर्य' काढलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा मुलं-मुली एव्हरेस्टवर गेली आणि मे २०१८ मध्ये त्यातली पाच शिखरावर पोचली. आता सांगा, त्यांच्यापैकी कुणी 'गिर्यारोहणाचा पूर्वानुभव' असा रकाना भरला असता का? बर्फ तरी कुणी पाहिला होता? पण इथे माणसं शाळांत गेली, मुलांना पळवलं, चढवलं, पाहिलं. मग भोंगीरचे खडक, दार्जिलिंग, लेह असं एकेक पायरीनं शिकवत नेलं. कोण चढू शकतो हे आधी ठरवून मग शिकवलं नाही, शिकवता शिकवता ते कळत गेलं.

पायांच्या बाबतीत जमलं, ते डोक्याच्या बाबतीत का जमू नये? डोंगर चढणारी पोरं ज्या आश्रमशाळांत सापडली, तिथेच गणित चढणारीही असणार की!

सगळ्यांना एकदा तपासलं तर काय होतं, याचा एक दाखला फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीचा आहे. तिथे आधी शिक्षक-पालकांनी सुचवलेल्या मुलांचीच चाचणी व्हायची. २००५ च्या सुमारास दुसरीच्या सगळ्याच मुलांना शब्दांविना, आकृत्यांची चाचणी द्यायला सुरुवात झाली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा दिसलं की गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली हुशार मुलं एकदम वाढली. मुलं तीच होती, फक्त पाहिलं गेलं. पुढे पैशाअभावी ते बंद पडलं आणि आकडे पुन्हा घसरले.

आपल्याकडे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं (स्थापना १९६२) १९६९ पासून बुद्धिमान मुलांसाठी वेगळी प्रशाला चालवली आहे. तिथून घेण्यासारखं हे, की निवडीवर काम संपत नाही, सुरू होतं. निवडलेल्या मुलाला पुढे काय आणि कसं शिकवायचं याचाही तितकाच विचार लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभेच्या मुलांना नेहमीच्या अभ्यासापलीकडे नेण्याची भाषा आहे, प्रादेशिक भाषांतल्या ऑलिम्पियाडची आहे. भाषा छान आहे. ती भामरागडच्या वर्गात केव्हा ऐकू येते ते बघायचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पहिलं, पाचवीतल्या प्रत्येक पोराचा फॉर्म शाळेनंच भरावा. ज्याला नको असेल त्यानं नाही म्हणावं. दुसरं, आठवड्यातून एक तास अवघड कोड्यांचा ठेवावा, सगळ्यांसाठी, आणि उत्तर माडियात, तेलुगूत, बंगालीत, छत्तीसगढीत, खड्यांनी नाहीतर बोटांनी, कसंही दिलेलं चालावं. वर्षभर बघितलं की शिक्षकाला आपोआप कळतं, कोण कुठवर जाऊ शकतो. तिसरं, ज्यांची निवड होणार नाही त्यांचा तो तास बंद करू नये. नाहीतर एक पोर उचलून नेलं आणि बाकी वर्ग होता तिथेच, असं होतं. मी स्वतः तसा उचललेला आहे, म्हणून बोलतोय.

कुणी म्हणेल, आधीच गुरुजींच्या मागे जनगणना, निवडणूक, पोषण आहार, त्यात हे कुठे? अगदी बरोबर. म्हणून तर हे हॉस्टेलवाल्यांसाठी लिहितोय. आपण रविवारी दुपारी बारापर्यंत झोपतो (मी एक वाजेपर्यंत). आपल्या कॉम्प्युटर लॅबला शनिवारी दुपारी कुलूप असतं. आता नवोदयचा फॉर्म ऑनलाइन आणि फुकट भरता येतो, पण जिथे रेंज नाही तिथे ऑनलाइन म्हणजे नाल्याचा पूरच. लॅब उघडी मिळाली आणि एनएसएसनं मनावर घेतलं, तर आसपासच्या आश्रमशाळांचे फॉर्म आपण इथे बसून भरू शकतो, आणि महिन्यातून एक रविवार जाऊन कोड्यांचा तास घेऊ शकतो. सरांना आणि मॅडमना विनंती आहे : याचे टर्मवर्कला मार्क नकोत, फक्त लॅबची चावी द्या.

बेंचमित्राची सगळ्यांत धाकटी बहीण यंदा चौथीत आहे. वर्गात ती फारशी बोलत नाही असं ऐकलं. पुढच्या वर्षी तिचा फॉर्म मी भरणार, सही आणायला मीच जाणार. ते ठरलंय.

पण तिच्या वर्गात आणखीही पोरं आहेत. त्यांचे फॉर्म भरायला माझ्याबरोबर कोण येतंय? रूम नंबर मेसवाल्या भाऊंना विचारा.