तेंडुलकर 'शांतता'पासून सुरू होत नाहीत

थोडं लांब लिहितोय. पटलं नाही तर खाली कमेंटमध्ये भांडू.

परवा आपल्या हौशी ग्रुपची बैठक झाली. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला तेंडुलकरच करायचे, यावर एकमत. मग नेहमीची नावं आली : शांतता, गिधाडे, सखाराम. मी म्हटलं, 'श्रीमंत' करू या. एक ज्येष्ठ हसून म्हणाले, "अरे, ते हात बसायच्या आधीचं." वाचलंय का, विचारलं. नव्हतं वाचलेलं!

हाच आपला सगळ्यांचा प्रॉब्लेम आहे. वाचायच्या आधी निकाल.

'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगभूमीवर आलं १९६७ साली. लग्नाआधी गरोदर राहिलेली, मूल हवं असलेली बेणारे तेव्हापासून आपल्या डोक्यात बसली. पण हा प्रश्न तेंडुलकरांनी त्याच्या दहा-बारा वर्षं आधीच 'श्रीमंत'मध्ये मांडला होता. लग्न न झालेली मुलगी मूल ठेवायचं ठरवते आणि पैसेवाला बाप घराण्याची अब्रू झाकायला तिच्यासाठी नवरा विकत आणू पाहतो. विकत! म्हणजे नुसती बाईची कोंडी नाही, गरीब माणसालाही किंमत लावली जाते. बेणारेचं कोर्ट निदान खेळ म्हणून तरी सुरू होतं. इथे व्यवहार घरातच चालतो, आणि बाप हे सगळं मुलीच्या भल्यासाठीच म्हणून करतो. आपल्या आसपास असे 'जमवलेले' किती संसार आहेत, नावं घ्यायला लावू नका.

बरं, हे लिहिणारा माणूस तेव्हा तिशीच्या आत होता आणि त्याचं 'गृहस्थ' नुकतंच आपटलेलं. पुन्हा नाटक लिहायचंच नाही, असं त्यानं ठरवलं होतं म्हणे. पण त्यानं लिहिलं. एवढंच नाही, त्याच पडलेल्या 'गृहस्थ'ला पुन्हा हात घालून पुढे १९६३ च्या सुमारास 'कावळ्यांची शाळा' उभं केलं. लेखकानं स्वतः जे टाकून दिलं नाही ते आपण कोण टाकणार?

'माणूस नावाचे बेट', 'मधल्या भिंती' यांच्याबद्दल वेगळं लिहीन, तीही अशीच अडगळीत गेलीत.

सुरुवातीच्या नाटकांत सूर कधी कधी चढा लागतो, मान्य. भावना जरा जास्त ओसंडते. मग दिग्दर्शक कशाला असतो? पण तेंडुलकर म्हणजे शिवी, मारझोड आणि वाद, हे समीकरण आपण इतकं घट्ट करून ठेवलंय की त्यांच्यातला हळवा, चाळीतल्या मध्यमवर्गाकडे जवळून बघणारा माणूस आपल्याला चालतच नाही. वादामुळे तिकिटं खपतात, हेही खरं कारण असेल. स्पर्धेत तर तिकिटांचाही एवढा प्रश्न नसतो, तिथे कसली भीती?

ग्रुपवाल्यांनो, पुढची बैठक रविवारी आहे. प्रत मी घेऊन येतो. निदान एक अंक मोठ्यानं वाचू, मग हात वर करा.