पाणी आमच्या उशाला, नकाशा साक्षीला



'तुमचा भाग मुळातच दुष्काळी, त्याला कोण काय करणार?' मालेगाव, नांदगाव, चांदवड, येवल्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे दर दुष्काळात ऐकवले जाते. आम्ही म्हणतो, जुना नकाशा उघडा!

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या इंचाला एक मैल मापाच्या नकाशांत आपला मुलूख '४६ एल' या क्रमांकात येतो. त्यावर बारमाही पाणी निळे, कोरडे पडणारे नाले काळ्या रेघांचे, सारख्या उंचीच्या रेषा तपकिरी. सातमाळ्याच्या डोंगररांगेवर बोट ठेवा. उत्तरेचे पाणी गिरणेतून तापीला, दक्षिणेचे गोदावरीला. दोन्ही उतारांवर काळ्या रेघांचे जाळे आहे. पाऊस कमी, हे खरे. पण जो पडतो तो या रेघांनी निघून जातो, हेही खरे. तो कोठे अडवता येईल, ते तपकिरी रेषा सांगतात.

आता जुन्या नकाशाशेजारी आजचा ठेवा. जुन्यावर नांदगाव तालुक्यात नुसती गिरणा नदी. नव्यावर १९६९ साली पुऱ्या झालेल्या गिरणा धरणाचा निळा फुगवटा. जमीन आमच्याकडची बुडाली, कालवे निघाले ते मुख्यतः जळगाव जिल्ह्याकडे. जळगावचा शेतकरी आमचा भाऊ आहे. भांडण त्याच्याशी नाही. पाणी उताराने जाते. धरणाच्या आणि कालव्याच्या वरच्या अंगाचे रान कोरडे राहणार, हे आखणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. मग त्या रानातले नाले त्याच दिवशी का नाही अडवले? नकाशा तर सरकारचाच होता! दुष्काळ निम्मा आभाळाचा, निम्मा कागदावरचा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांवरचे निर्बंध सैल केले. 'नकाशा मिळत नाही' ही सबब आता चालणार नाही. हा नकाशा मालकीचा पुरावा नव्हे. पण पाण्याची वाट दाखवायला तो पुरेसा आहे.

म्हणून प्रत्येक गावाने आपल्या शिवाराचा नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावावा. जाणत्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन एकेक काळी रेघ पायी चालावी. कोणता नाला बुजला, कोणता बंधारा गाळाने भरला, कोणता नांगराखाली गेला, ते लिहून काढावे. नांगर आपलाच असेल तर तेही लिहावे. मग ती यादी घेऊन साहेबांच्या टेबलापुढे उभे राहावे.

पुन्हा कोणी 'मुळातच दुष्काळी' म्हणाला, तर त्याला विचारा : साहेब, नकाशावर बोट ठेवून दाखवा!