आहारतज्ज्ञ पैसेवाल्यांना, तांदूळ-गहू गरिबांना?

मीरा रोडच्या पूनम सागरसारख्या वसाहतीत आहाराचा सल्ला आज विकत मिळतो. पैसे मोजले की वजन घटवण्याचा तक्ता आणि महिन्याचे पॅकेज हाती येते. त्याच इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनीला मधुमेह निघाला, तर सरकारी दवाखान्यात गोळ्या आणि सोबत "गोड बंद करा" एवढा सल्ला मिळतो. रेशनचा तांदूळ किती खायचा, डाळ परवडत नसेल तर काय खायचे, हे सांगायला बहुतेक ठिकाणी माणूसच नसतो. आहारतज्ज्ञ हे सार्वजनिक आरोग्यसेवेतील आवश्यक पद आहे आणि त्याची मागणी आपल्या चळवळीच्या अजेंड्यावर यायला हवी, अशी आमची भूमिका आहे.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते, म्हणजे ते वाढले आहे. दुसरीकडे २३.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आहे. एकाच घरात रक्तक्षय झालेली मुलगी आणि मधुमेह झालेली आई, हे चित्र आपल्या वस्त्यांना नवीन नाही. दोघींच्या आजाराचे एक मूळ ताटात आहे : भात-चपाती पोटभर, पण डाळ, भाजी, अंडी, मासे अपुरे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडला आहे.

आहारतज्ज्ञ नेमके काय करतो?

डायलिसिसवरच्या रुग्णाला नातेवाईक प्रेमाने नारळपाणी देतात. त्यातले पोटॅशियम त्याच्या जिवावर बेतू शकते. रक्तक्षयाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगले शोषले जाते. हे रुग्णाला समजावायला वेळ लागतो आणि ओपीडीत डॉक्टरकडे तेवढा वेळ नसतो.

क्षयरोगात तर अन्न हेच अर्धे औषध. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'राशन्स' अभ्यासात रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली. पण त्या हजारात काय घ्यावे, हे सांगणारा कोण?

२०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करून 'डाएटिशियन' म्हणवणाऱ्यांना त्यामुळे चाप बसायला हवा. मात्र सरकारने पदेच भरली नाहीत, तर नोंदणीकृत आहारतज्ज्ञही खासगी रुग्णालयातच जाणार.

ताटाचे राजकारण

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यातील शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि हवे असेल तर शाळांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा, असे सांगितले. प्राथमिक शाळेच्या जेवणात रोज १२ ग्रॅम प्रथिने असावीत हा सरकारचाच निकष आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, म्हणजे निम्मी प्रथिने असतात. जिथे पालकच रोजंदारीवर आहेत, तिथे लोकसहभाग कुठून येणार?

मीरा-भाईंदरला हा वाद नवा नाही. २०१५ मध्ये याच महापालिकेने पर्युषणकाळात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. कोणी काय खावे हे श्रद्धेवरून ठरवायचे, आणि विज्ञानाला विचारायचेच नाही, अशी ही रीत आहे.

तज्ज्ञांनाही आमचा एक प्रश्न आहे. तुमच्या तक्त्यात ओट्स, ब्रोकोली, पनीर असते. हुलगे, चवळी, तांदुळजा, घोळ, सुकट कुठे आहेत? शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या ज्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, ती आहारशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते का? याच शहरातल्या उत्तनला वाळणारे बोंबील हे प्रथिनांचे आणि कॅल्शियमचे चांगले साधन आहे. रक्तदाब असणाऱ्याने त्यातले मीठ धुऊन, बेताने खावे. एवढे सांगणारा माणूस आम्हाला हवा आहे.

धम्म आणि संविधान

आळवीच्या उपाशी शेतकऱ्याला तथागतांनी आधी जेवू घालायला लावले आणि मग उपदेश केला, ही धम्मपदाच्या अट्ठकथेतील गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. अतिभोजनाने धापा टाकणाऱ्या प्रसेनजित राजालाही त्यांनी मात्रा सांभाळण्याचा उपदेश केला, आणि रोज जेवताना त्याची आठवण करून देण्याचे काम एका तरुणावर आले. राजाने आहार हळूहळू कमी केला. सल्ला, पाठपुरावा आणि टप्प्याटप्प्याने बदल, आजचा चांगला आहारतज्ज्ञ हेच करतो. स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. माईसाहेब डॉक्टर होत्या आणि त्यांनी बाबासाहेबांच्या औषधपाण्याबरोबर पथ्यही सांभाळले.

संविधानाचे कलम ४७ आपण दारूबंदीसाठी आठवतो. त्याच कलमाची सुरुवात लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते.

आपण काय करायचे?

पहिले, महापालिकेच्या रुग्णालयांत आणि दवाखान्यांत आहारतज्ज्ञांची किती पदे मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, याची माहिती अधिकारात विचारणा करा. दुसरे, अंगणवाडीत आणि शाळेत प्रत्यक्ष काय शिजते ते पाहा. अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार तीन ते सहा वर्षांच्या बालकाला गरम जेवण हा हक्क आहे. तिसरे, विहारातील आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासून थांबू नका. आहारतज्ज्ञाला बोलवा आणि रेशनच्या पिशवीतून आठवड्याचे जेवण कसे बसवायचे ते शिकून घ्या. चौथे, बारावी विज्ञान झालेल्या आपल्या मुलामुलींना या शिक्षणाची माहिती द्या. एसएनडीटीसारख्या विद्यापीठात हे अभ्यासक्रम आहेत. आपल्या वस्तीचे ताट ओळखणारे तज्ज्ञ आपल्या वस्तीतून तयार झाले, तर तक्त्यात सुकटीलाही जागा मिळेल.

उपचाराचा हक्क आपण मागतो. त्या हक्कात ताटही येते. जय भीम!