राणीचा कापलेला कान

आमच्या अरेरा कॉलनीतल्या गल्लीत एक तपकिरी कुत्री आहे. मुलांनी नाव ठेवलंय राणी. तिच्या एका कानाला टोकाशी त्रिकोणी खाच आहे. परवा शेजारच्या छोटीने विचारलं, "मावशी, हिचा कान कुणी तोडला?"

कुणी तोडला नाही गं. ती नसबंदीची खूण. कुत्री भुलेखाली असतानाच ती खाच देतात. २००१ च्या केंद्रीय नियमांत कान कापणं किंवा गोंदणं, दोन्ही चालत होतं. २०२३ मध्ये नवे नियम आले. पण गोंदण पाहायला कुत्र्याला धरून कान उलटावा लागतो (धरून दाखवा!), खाच मात्र रस्त्याच्या पलीकडूनही दिसते. ती नसेल तर बिचारीला पुन्हा पकडणार, पुन्हा भूल देणार, पोट उघडणार आणि मग कळणार की गर्भाशय आधीच काढलेलं आहे.

अमेरिकेत टाक्यांजवळ हिरव्या शाईची बारीक रेघ गोंदतात. तुमच्या घरच्या कुत्रीला अशी काही खूण नसेल, तर शस्त्रक्रियेचा कागद सांभाळून ठेवा. मायक्रोचिप बसवली असेल तर उत्तमच. तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली, १५ अंकी नंबराची. पण ती कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. वाचायला यंत्र लागतं, आणि नंबरापुढे तुमचा चालू मोबाइल नोंदलेला लागतो. सिम बदललं आणि कळवलं नाही, तर चिप असून नसल्यासारखी.

आता खरी काळजीची गोष्ट. मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका मुलाला राणीचा दात लागला. घरचे म्हणाले, "कान कापलेला आहे ना, म्हणजे लस झालेलीच." आणि हळद लावून मोकळे! अहो, खाच जन्मभर राहते, रेबीजच्या लशीचा असर नाही. ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. दात लागला किंवा ओरखडा उठला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, तिखट, चुना काही नको. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजमधून माणूस बहुधा वाचत नाही. त्या मुलाला मीच स्कूटरवर बसवून नेलं.

राणीला शेवटची लस कधी दिली, कुणालाच माहीत नव्हतं. रविवारी चार घरांनी वर्गणी काढून डॉक्टरांना बोलावलं. पुढची तारीख आता जिन्यातल्या फळ्यावर लिहिली आहे, पाण्याच्या वेळेच्या खाली.